दुसरा घाव

विनीताने डोळे उघडले, उजवा हात उशाशी ओढला, आणि बांगड्या वाजल्या. शनिवारची दुपार होती, पावणेचारचा सुमार. खमरियाच्या क्वार्टरमध्ये मागच्या खोलीत ती खाटेवर आडवी होती. फॅक्टरी अर्ध्या दिवसाची, म्हणून एक वाजता येऊन, वरणभात खाऊन ती झोपली होती, आणि झोपली होती ती मेल्यासारखी. आता हात डोळ्यांसमोर होता आणि हातात काचेच्या हिरव्यागार बांगड्या होत्या. ती घाबरली नाही. उलट पोटात एक ओळखीची ऊब पसरली. अच्छा, म्हणजे सुरू झालं तर, ती मनाशी म्हणाली, आणि पाय खाली सोडून बसली. घाई नव्हती. या वेळेला तिला कधीच घाई नसायची. घाई जागेपणी असते.

कारण जागेपणी विनीताच्या हातात बांगडी नसते. पंचवीस वर्षं नाही. बाबा, म्हणजे विष्णुपंत, नोकरीत असतानाच हृदयविकाराने गेले आणि त्यांच्या जागी एकविसाव्या वर्षी ती फॅक्टरीत लागली. फॅक्टरी दारूगोळ्याची, आणि ती भरणीच्या सेक्शनमध्ये, म्हणजे गोळ्यांत दारू भरतात तिथे. तिथे आत शिरण्याआधी बायकांच्या खोलीत अंगावरचं सगळं उतरवावं लागतं. लोखंड नको, काच नको, नायलॉन नको, काडेपेटी तर नावालाही नको. आतल्या दारूला ठिणगी पुरते, आणि ठिणगी कशातून निघेल ते देवालाही माहीत नाही. म्हणून घरची साडी काढायची, फॅक्टरीचे सुती कपडे चढवायचे, कॅनव्हासचे जोडे घालायचे, आणि उंबऱ्याशी उभं राहून एकेक जागा हाताने चाचपायची. केस, कान, नाक, गळा, हात, पाय. पिन नाही, फूल नाही, चमकी नाही, मंगळसूत्र नाही, बांगडी नाही, जोडवं नाही. मग झडतीवाली अंजनीदीदी तोच हिशोब स्वतःच्या हाताने करायची आणि म्हणायची, "चलो." मंगळसूत्र घरी जाताना पुन्हा गळ्यात पडायचं, जोडवी पुन्हा बोटांत जायची, पण बांगड्या रोज चढवा, रोज उतरवा, रोज एखादी फोडा, हे कोण करतं? लग्नातला चुडा विनीताने सोळाव्या दिवशी उतरवला आणि तो विषय तिथेच संपला. सासू चार दिवस फुगून बसली होती. बसू दे म्हणावं. पण ती चाचपणी मात्र अंगात मुरली. भाजी घेताना, बसची वाट पाहताना, कुणाच्या मयताला गेल्यावरही तिचा हात आपोआप केसांवरून कानावर, कानावरून गळ्यावर, मनगटावर उतरायचा. केस, कान, नाक, गळा, हात, पाय. लोक म्हणायचे, बाईला खाज सुटते.

त्या बायकांच्या खोलीत काही लपत नसे. आठ-दहा बाया रोज एकमेकींसमोर कपडे बदलायच्या, आणि विनीताच्या पाठीवर चामडी पट्ट्याची खूण उठलेली असली की ती सगळ्यांना दिसायची. दंडावर चार बोटं, मांडीवर निळं-पिवळं, एकदा खांद्यावर प्रेशर कुकरच्या झाकणाचा अर्धा गोल, अगदी कंपासने काढल्यासारखा. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं. अंजनीदीदी एवढंच करायची, की झडती घेताना त्या जागेवर आली की हात हलका करायची. बस, तेवढंच. विनीताला त्या हलक्या हाताचा इतका राग यायचा, की वाटायचं हिच्या कानाखाली एक द्यावी. पण देणार कशी? आत जायचं असायचं. आत हात शांत असावे लागतात. काही आपटायचं नाही, ओढायचं नाही, घाईने ठेवायचं नाही, हातून काही सुटायचं नाही. आठ तास हाताला असं वागवलं की घरी आल्यावरही हात तसाच वागतो. ती पातेलं ओट्यावर ठेवायची तर आवाज यायचा नाही. पट्टा पाठीवर उतरायचा तेव्हाही तिचे हात अंगाशी, शहाण्यासारखे, काही न धरता पडून असायचे.

मारणारा दिवाकर होता, तिचा नवरा. रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. बाहेर त्याला सगळे दिवाकरजी म्हणायचे, गणेशोत्सवात मंडळाचा खजिनदार, आवाज गोड, आरती म्हणावी तर त्यानेच. घर मात्र बायकोच्या नावाचं, क्वार्टर बायकोच्या फॅक्टरीचं, दारावरची पाटी तिच्या नावाची, आणि ही पाटी त्याच्या घशात अडकलेली होती. तो दारू पीत नव्हता. पीत असता तर निदान दारूला नाव ठेवता आलं असतं! तो शुद्धीत मारायचा, हात धुऊन मारायचा, आणि मारून झालं की पुन्हा हात धुवायचा. मुलगी प्रणोती सात वर्षांची असताना त्याने विनीताच्या उजव्या कानावर अशी चपराक दिली की आतला पडदा गेला. तेव्हापासून त्या बाजूने तिला जग रजईतून ऐकू येतं. वीस वर्षं हे चाललं. आणि मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी, दाढी करता करता, दिवाकरच्या डाव्या अंगावरून लकवा गेला.

डावा हात लोंबला, डावा पाय ओढू लागला. मारायचा तो उजवा हात शाबूत राहिला, देवाची करणी पाहा! नोकरीतून त्याला आजारपणावर निवृत्ती मिळाली आणि माणूस असा मऊ झाला की शेजारच्या बाया विनीताला म्हणायच्या, "दीदी, आपके वो तो संत आदमी हैं." तो उजव्या हाताने मटार सोलायचा, दूध तापत असलं की राखण करायचा, ती दमून आली की "पाणी आणू का गं?" विचारायचा. या मऊपणाने विनीताचं डोकं फिरायचं. ज्याच्यावर रागवायचं तो माणूसच कोणी पळवून नेला होता आणि त्याच्या जागी हा भलताच गोड म्हातारा आणून बसवला होता. एकदा तिने धीर करून विचारलं, "माझा कान आठवतो तुम्हाला?" तो म्हणाला, "कोणता कान?" "तुम्ही फोडला तो." दिवाकरने हातातली शेंग खाली ठेवली. "मी? मी काहून फोडीन? विनीता, असं काय बोलून राहिली तू?" आणि ढसाढसा रडला. तो रडल्याचं कळताच नणंद बेबीताई रांझीहून धावत आल्या. "वहिनी, आजारी माणसाला काहून छळता? डोक्यातलं गेलं त्याच्या. त्याला काही आठवत नाही, सोडून द्या ना आता." डोक्यातलं गेलं! पंचवीस वर्षांपूर्वीच्या बदलीच्या ऑर्डरचा नंबर आठवतो, साखरपुड्यात कुणी श्रीखंड कमी वाढलं ते आठवतं, आणि एवढंच गेलं? की तेवढंच सोयीने धुऊन टाकलं, पूर्वी हात धुवायचा तसं? विनीताला ते ठरवता येत नव्हतं आणि त्याने तिची झोप उडाली. मार तिने सोसला होता. पण तो मार झालाच नाही, असं त्या घरात ठरत चाललं होतं, आणि ते तिला सोसवत नव्हतं. तिला पैसा नको होता, माफी नको होती, शिक्षाही नको होती. त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. मी मारलं तुला. एवढंच.

प्रणोती कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. तिला मराठी समजायचं सगळं, बोलायची अर्धं. गेल्या वर्षी तिला प्रोजेक्ट मिळाला, स्वप्नांची वही. "मम्मी, तुम मेरी सब्जेक्ट बनो ना. रोज उठल्यावर स्वप्न सांगायचं, बस." विनीता हसली. तिला कुठली स्वप्नं? पण आठवडाभर सांगायला लागल्यावर कळलं की स्वप्नं होती, ढिगाने होती, आणि त्यातल्या बहुतेकांत ती फॅक्टरीच्या उंबऱ्याशी उभी असते, चाचपत असते, आणि हात मनगटाशी आला की तिथे हिरवा चुडा निघतो. दोन्ही हातांत, कोपरापर्यंत भरलेला, लग्नातल्यासारखा. मुलीचे डोळे चमकले. "मम्मी, ये तो तुम्हारा साइन है! हे असतं ना, स्वप्नात असताना कळतं की आपण स्वप्नात आहे. ल्युसिड ड्रीमिंग. ज्याला कळतं तो आत पाहिजे ते करू शकतो. बांगड्या दिसल्या की स्वतःला बोल, मी झोपले आहे." मग तिने आणखी एक सांगितलं, बोट नाचवत, बारक्या मास्तरणीसारखं. "पण एका खुणेवर भरोसा नाही करायचा. दो बार चेक करना. नाक दाबून श्वास घेऊन बघ. स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास येतो." विनीताने मान डोलावली. दोनदा तपासणं तिला नवं नव्हतं. एकदा आपला हात, एकदा अंजनीदीदीचा.

पहिल्यांदा जमलं ते उन्हाळ्यातल्या एका दुपारी. बांगड्या दिसल्या, तिने नाक दाबलं, आणि बंद नाकातून थंडगार हवा सरळ छातीत उतरली. त्या एका श्वासाने सगळं बदललं. भिंतीचा चुना इतका पांढरा झाला की डोळे दिपले, पंख्याची पाती एकेक करून मोजता येऊ लागली, स्वतःच्या तळव्यावरच्या रेषा हळूहळू वाहताना दिसल्या. भिंतीला हात लावला तर भिंत आत दबली, पीठ दबतं तशी. उजव्या कानाने ऐकू येत होतं! रजई निघाली होती. दूर कुठेतरी बस गियर बदलत होती तो आवाज उजवीकडून आला आणि विनीता स्वप्नात उभ्याउभ्या रडली. त्या दिवशी तिने दुसरं काहीच केलं नाही, फक्त ऐकलं. प्रणोतीला तिने एवढंच सांगितलं आणि मुलीने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पुढचं तिने सांगितलं नाही. पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिने दिवाकरला बोलावलं आणि तो आला, जुना, धडधाकट, कमरेचा पट्टा हाताला गुंडाळलेला. तिने त्याला एक चपराक दिली. हात भरून आला, बांगड्या खळाळल्या, आणि त्याचं तोंड वळलं. बापरे, काय सुख होतं ते! मग ती थांबली नाही. तिने त्याला त्याच्याच पट्ट्याने मारलं, पाठीवर, मांड्यांवर, जिथे जिथे तिला लागलं होतं तिथे मोजून, जागा चुकवली नाही. एकदा ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला आणि त्याची बोटं एकेक करून उंबऱ्यावर ठेवून ठेचली. लोखंड! पंचवीस वर्षं ज्या हाताला लोखंडाची मनाई, त्या हातात ते जड, गार, बेगुमान लोखंड असं बसायचं की जन्मभर तेच धरलं असावं. एकदा त्याला भेडाघाटला नेलं, धुवाँधार धबधब्याच्या कठड्यावर उभं केलं आणि ढकललं. तो पांढऱ्या पाण्यात गेला, हाडं मोडल्याचा आवाज वर आला, उजव्या कानाने तिने नीट ऐकला. तो पुन्हा कठड्यावर उभा. पुन्हा ढकललं. सात वेळा, आठ वेळा. कधी त्याचं रक्त फरशीवरून मोरीकडे जायचं आणि ती त्यावर पाणी ओतून खराट्याने लोटायची, अंगण धुतात तसं, आरामात. उठल्यावर ती ताजीतवानी असायची. चहा ठेवायची, मऊ दिवाकरला औषध द्यायची, त्याच्या लोंबत्या हाताला तेल चोळायची. दुपारी ज्याची बोटं ठेचली त्याच बोटांना संध्याकाळी तेल. तिला त्यात काही खटकत नव्हतं, आणि खटकत नाही याचीच कधी कधी भीती वाटायची.

पण एक गोष्ट तिथेही होत नव्हती. तिथे ती भिंत दाबू शकत होती, छपरावरून चालू शकत होती, मेलेल्या बाबांना खुर्चीत बसवू शकत होती. दिवाकरच्या तोंडून ते वाक्य मात्र निघत नव्हतं. ती त्याला गुडघ्यांवर बसवायची, केस धरून मान वर करायची, "बोला. मी मारलं तुला, असं बोला." त्याचं तोंड उघडायचं आणि आतून, त्या मऊ, आजारी आवाजात यायचं, "मी काय केलं?" मग ती मारायची. मेल्यावरही तोंड उघडायचं, मी काय केलं? तिने बाबांसमोर विचारलं, बेबीताईंना साक्षीला उभं केलं, फॅक्टरीच्या सगळ्या बायांना रांगेत बसवलं. नाही म्हणजे नाही. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की इथे जे काही आहे ते तिच्याच डोक्यातून आलेलं आहे, आणि ते वाक्य दिवाकरच्या आवाजात तिने जन्मात कधी ऐकलेलं नाही. मग डोकं ते आणणार कुठून? हे कळल्यावर तिचा मार वाढला. अलीकडे ती आठवड्यातून तीन-चारदा जायची. नाक दाबून बघणंही हळूहळू सुटलं. बांगड्या दिसल्या की पुरे.

तर आज बांगड्या होत्या. ती खाटेवरून उठली. फरशी तळव्यांना गार लागली. समोरच्या भिंतीचा चुना मळकट होता, कॅलेंडरची तारीख स्थिर होती, पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, आणि बांगड्या फक्त उजव्या हातात होत्या, सहाच, आणि सैल. हे सगळं तिने पाहिलं. पुढे तिने स्वतःला किती वेळा विचारलं, की तू पाहिलं होतंस ना? आणि दर वेळी उत्तर आलं, पाहिलं होतं. पाहिलं आणि बाजूला सारलं, ताटातला खडा सारतात तसं. नाकाकडे हात गेलासुद्धा. बोटं नाकपुडीपर्यंत आली, आणि तिथे तिला वाटलं, आता कशाला? बाहेरून मटाराच्या शेंगा फुटल्याचा आवाज येत होता, टक्, टक्. ती स्वयंपाकघरात गेली, बत्ता उचलला, आणि पुढच्या खोलीत आली.

दिवाकर खुर्चीवर बसला होता. मांडीवर ताट, ताटात हिरवे दाणे. बांगड्यांचा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि त्याचा अर्धा चेहरा हसला, उरलेला अर्धा तसाच राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. तिने बोलू दिलं नाही. हात खांद्यावरून वर गेला आणि खाली आला. त्याने मान तिरकी केली म्हणून घाव कपाळावर, भुवईच्या वर, सरकत बसला. ताट उलटलं, दाणे घरभर झाले, तो खुर्चीवरून डाव्या अंगावर कोसळला. आणि त्याच क्षणी तिच्या मनगटावर काहीतरी चरचरलं. बत्त्याच्या दणक्याने तीन बांगड्या फुटल्या होत्या. काच कातडीत घुसली होती आणि तिचं, स्वतःचं रक्त कोपराकडे निघालं होतं. स्वप्नात बांगड्या कधी फुटल्या नव्हत्या. स्वप्नात तिला कधी दुखलं नव्हतं.

आणि वास आला. फुटलेल्या शेंगांचा हिरवा वास, त्याच्या मानेवरच्या पावडरचा वास, आणि त्या दोन्हींच्या मधून रक्ताचा. तिकडे कशालाच वास नसे. उजवा कान बंद होता, रजईत होता. विनीता जागी होती. फरशीवरून दिवाकर तिच्याकडे बघत होता, भुवईतून येणारं रक्त एका डोळ्यात उतरत होतं, आणि तो म्हणत होता, "सैल झाल्या का गं? माप माहीत नव्हतं. प्रणोतीसोबत ग्वारीघाटला गेलो होतो ना सकाळी, तिथून तिच्या नकळत घेतल्या... तेवीस वर्षं झाली आज, म्हणून... तू झोपून होती तर हळूच घातल्या." लग्नाचा वाढदिवस. तिला आठवतही नव्हता. एका हाताचा माणूस, खाटेशी उकिडवा बसून, झोपलेल्या बायकोच्या लोंबत्या हातात सहा बांगड्या एकेक करून, आवाज न करता सरकवतो आहे, हे तिला स्वच्छ दिसलं. तिचा हात खाली आला. बत्ता फरशीला टेकला. तिला वाटलं आपण आता बसणार, त्याचं डोकं मांडीवर घेणार, पदर दाबून धरणार. अगदी खरं वाटलं. तेवढ्यात तो म्हणाला, "पण काहून मारून राहिली विनीता? मी काय केलं?"

किती वेळ गेला असेल? तिला वाटतं, एक श्वास. त्या श्वासात तिला सगळं ठाऊक होतं, की हा शनिवार आहे, हे क्वार्टर आहे, हा लंगडा म्हातारा माणूस आहे, लोखंड खरं आहे आणि डोकं खरं आहे. हे सगळं ठाऊक असताना तिचा हात वर गेला, आणि दुसरा घाव त्याच्या कानामागे बसला.

त्यानंतर प्रणोती आली. ती शेजारी होती, आवाज ऐकून धावली, दारात उभी राहून किंचाळली, मग किंचाळणं गिळून कामाला लागली. टॉवेल, ओढणी, ऑटो. ऑटोत दिवाकरचं डोकं विनीताच्या मांडीवर होतं आणि टॉवेल ती दाबून धरत होती, हलक्या हाताने, जराही धक्का न लावता. "मम्मी, तू झोपेत होतीस ना?" प्रणोती पुन्हा पुन्हा विचारत होती. "तुला वाटलं स्वप्न आहे. है ना? मेरी गलती है, मीच तुला शिकवलं. बोल ना मम्मी, तू झोपेत होतीस." विनीताने बाहेर पाहिलं. रांझीकडची वळणं जात होती. दुकानांत शनिवारची गर्दी होती. तिने नाक दाबलं. श्वास आला नाही. छाती फुटायला आली तेव्हा तिने बोटं सोडली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, दमलेला. त्याने रक्त पुसलं, बत्ती डोळ्यांत मारून पाहिली, हातपाय हलवायला लावले. "बच गए बाबूजी, हड्डी ठीक लग रही है, फिर भी स्कैन कराएंगे." मग कागद पुढे ओढून विचारलं, "कैसे लगी?" विनीताने तोंड उघडलं. दिवाकर तिच्या आधी बोलला. "गिर गया, डॉक्टर साहब. बाथरूम में." डॉक्टरने भुवईवरची जखम पाहिली, कानामागची पाहिली. "एक जगह सामने, एक पीछे. एक बार गिरने में दो जगह कैसे?" दिवाकर म्हणाला, "दो बार गिरा. उठने लगा तो फिर से पैर फिसल गया. पहले से चक्कर आ रहे थे." तो हे पाठ केलेल्या कवितेसारखं सलग बोलला आणि विनीताने मान झटकन त्याच्याकडे वळवली. कारण हे वाक्य त्याचं नव्हतं. हे तिचं होतं. तेरा वर्षांपूर्वी याच दवाखान्यात, कान फुटला त्या दिवशी, गालावर एक आणि पाठीवर एक अशा खुणा घेऊन ती अशाच एका टेबलासमोर बसली होती, आणि असंच कुणी विचारल्यावर म्हणाली होती, दो बार गिरी, उठने लगी तो फिर से पैर फिसल गया, पहले से चक्कर आ रहे थे. बाजूला दिवाकर उभा होता. नुकते धुतलेले हात रुमालाला पुसत.

"म्हणजे आठवतं तुम्हाला," ती म्हणाली. मराठीत, हळू. डॉक्टर कागदावर काहीतरी खरडत होता. दिवाकर छताकडे बघत होता. त्याचा अर्धा चेहरा हलला, आणि थांबला, आणि पुन्हा हलला.

"आठवतं."

"काय आठवतं?"

"सगळंच." त्याने डोळे मिटले. "मारलं मी तुला. रोज आठवतं. काही आठवत नाही म्हटलं तर लोक सोडून देतात, म्हणून म्हणत गेलो. आता तूही सोडून दे. पडलो म्हण. नोकरी जाईल तुझी, पोरीचं काय होईल?"

ते वाक्य असं आलं. भेडाघाटावर नाही, गुडघ्यांवर बसवून नाही. फिनेलच्या वासात, पिवळ्या चादरीवर, डाव्या कानात. विनीता वाट बघत राहिली की आता काहीतरी होईल, छातीवरून काहीतरी उतरेल. तिला फक्त दिसलं की तो तिला देऊन टाकत होता ते वाक्य, आणि त्याच्या बदल्यात पुन्हा तेच मागत होता, गप्प राहणं. म्हणजे त्याने आज खाल्लेला मारही झालाच नाही असं ठरेल. दोन्ही मार झालेच नाहीत. प्रणोती खाटेच्या पायाशी उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून, आईकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला मराठी सगळं समजायचं.

"डॉक्टर साहब," विनीता म्हणाली, "ये गिरे नहीं हैं. मैंने मारा है. लोहे के बत्ते से."

"मम्मी!" प्रणोतीने तिचा दंड पकडला. "डॉक्टर साहब, नींद में थीं ये. नींद में. ये होश में नहीं थीं, मैं बताती हूँ आपको..."

डॉक्टरने पेन थांबवलं. त्याने विनीताच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे काचेचे कण अजून रुतलेले होते आणि तीन बांगड्या शाबूत होत्या. "नींद में थीं आप? सोच के बोलिए. पुलिस केस बनेगा."

"एक बार नींद में थी," विनीता म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला, इतका सरळ होता. "एक बार जाग रही थी. दोनों लिखिए. और इन्होंने अभी जो कहा मराठी में, वो भी लिखिए. बेटी बता देगी आपको."

डॉक्टरने तो कागद बाजूला केला, खणातून दुसरा, लांबट काढला, आणि खुर्ची पुढे ओढली. "जागते में कौन सी मारी?"

विनीताने हात पुढे केला. पण जखम उशीकडच्या बाजूला होती, तिला जागा दाखवता येईना. तेव्हा दिवाकरने, कुणी न सांगता, उशीवर मान वळवली आणि कानामागची जखम दिव्याकडे केली.